गोपीनाथरावांची नखविद्या

उत्तरेतल्या त्या नदीकाठच्या तीर्थक्षेत्री, दूधविनायकाच्या गल्लीतल्या मराठी घरांत कुणाला फॉर्म भरायचा असला की तो गोपीनाथराव आठल्यांकडे यायचा. रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, रकान्याबाहेर वेलांटीसुद्धा जाऊ द्यायचा नाही. हयातीचा दाखला असो, गॅसची जोडणी असो, कुणाच्या नातवाचा शाळाप्रवेश असो, गोपीनाथरावांनी भरलेला कागद परत आला असं कधी घडलं नव्हतं. “फॉर्म चुकत नसतो, माणूस चुकतो,” असं ते म्हणत आणि समोरच्याकडे चष्म्यावरून बघत. समोरच्याला आपण काहीतरी चुकलोच आहोत असं वाटायला लागायचं.

त्यामुळे त्यांची सून नीरजा हिनं एका सरकारी कौशल्य योजनेचा फॉर्म त्यांच्या हाती दिला, तेव्हा घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. नीरजा लग्नकार्यांत नवऱ्या सजवायची. हात चांगला होता, पण हॉटेलवाले आणि लग्नाचे हॉलवाले प्रमाणपत्र मागत. रामनगरला मॅनिक्युअर-पेडिक्युअरचा तीस दिवसांचा वर्ग निघत होता. तो केला की समोरच्या लतिकावहिनी आपली खालची खोली पार्लरला द्यायला तयार होत्या. गोपीनाथरावांनी पंचांग न बघता, पण आंघोळ करून, मोबाईलवर फॉर्म भरला.

आठ दिवसांनी फोनवर निरोप आला. चष्मा आत राहिला होता म्हणून त्यांनी फोन ओट्यावर बसलेल्या विष्णुशास्त्र्यांच्या हातात दिला. विष्णुशास्त्री शेजारचे, वेद, धर्मशास्त्र आणि इतरांच्या भानगडी या तिन्ही विषयांत अधिकारी. त्यांनी मंत्र म्हणावा तशा आवाजात वाचलं, “बधाई हो, श्री गोपीनाथ आठल्ये, उम्र तिरसठ वर्ष. नख-सौंदर्य प्रशिक्षण में आपका चयन हुआ है.”

गल्लीत तेव्हा दूधवाला, लतिकावहिनी आणि एक गाय एवढेच हजर होते. पण बातमी पसरायला तेवढे पुरे होते.

झालं होतं असं की, ‘अर्जदाराचा आधार क्रमांक’ या रकान्यात गोपीनाथरावांच्या बोटांनी सवयीनं स्वतःचाच क्रमांक लिहिला होता. पण हे ओट्यावर, चारचौघांत, कबूल करायचं म्हणजे पस्तीस वर्षांच्या कीर्तीवर पाणी सोडायचं. गोपीनाथरावांनी फोन परत घेतला आणि शांतपणे म्हणाले, “हो. मीच भरलाय. या वयात माणसानं काहीतरी नवीन शिकावं.”

“नखं?” विष्णुशास्त्र्यांनी विचारलं.

“नखंसुद्धा,” गोपीनाथराव म्हणाले आणि घरात गेले.

घरात मात्र त्यांना बसवेना. दुसऱ्या दिवशी नीरजाला घेऊन ते योजनेच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाबूनं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि सांगितलं की बॅच पूर्ण होईपर्यंत नाव बदलता येत नाही.

“मग माझं नाव काढून टाका,” गोपीनाथराव म्हणाले.

“निकाल देंगे, बाबूजी. मगर बीच में छोड़ने पर पूरा परिवार दो साल के लिए बाहर.”

“आणि मी पूर्ण केलं तर?”

“तो अगली बैच में परिवार का दूसरा सदस्य आ सकता है. पास होना पड़ेगा.”

परतताना रिक्षेत नीरजा म्हणाली, “असू द्या बाबा. दोन वर्षांनी बघू.” ती रागावली असती, रडली असती, तर गोपीनाथरावांना सोपं गेलं असतं. तिनं घरी येऊन नखांच्या नमुन्यांची वही गुपचूप कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली, हे मात्र त्यांना पाहवलं नाही. संध्याकाळी त्यांनी बायकोला विचारलं, “माझ्या डब्याला उद्यापासून काय देशील?”

शरदिनीबाईंनी पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, “जे ड्यूटीला द्यायची तेच. पण हे नखांचं डोहाळजेवण मला मैत्रिणींना कसं सांगायचं, ते तुम्ही सांगा.”

केंद्र रामनगरच्या बाजारात, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वर होतं. सतरा मुली आणि गोपीनाथराव. सगळ्यांना गुलाबी ॲप्रन मिळाला. ओळखपत्रावर गोपीनाथरावांचं नाव, गोपीनाथरावांचं वय आणि नीरजाचा हसरा फोटो होता, कारण फोटो चढवताना त्यांनी चूक केली नव्हती. शिकवणारी रुची मॅडम सव्वीस वर्षांची होती, आणि आरक्षण कार्यालयातले मोठे साहेबसुद्धा तिच्याइतके कडक नव्हते. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, “अंकलजी, यहाँ कोई अंकल नहीं है. रोल नंबर अठारह.”

गल्लीकडून सल्ले सुरू झाले. विष्णुशास्त्र्यांनी धर्मशास्त्र काढून दाखवलं की मंगळवारी, शनिवारी, चतुर्थीला, अष्टमीला, एकादशीला, चतुर्दशीला, पौर्णिमेला, अमावास्येला आणि जन्मनक्षत्री नखं कापू नयेत. त्यांच्या हिशेबानं तीस दिवसांपैकी वर्गाला जाण्याजोगे अकराच निघत होते. लतिकावहिनींचं म्हणणं, परक्या बायकांचे हात हातात घ्यायचे तर शरदिनीची लेखी परवानगी असावी. शरदिनीबाईंनी ती तोंडी दिली. “घ्या म्हणावं,” त्या म्हणाल्या, “माझा घेतलाय तो सदतीस वर्षं सोडला नाही, तेव्हा दुसऱ्यांचा नुसता सोडवून घ्यायला शिकले तरी पुष्कळ.”

आता खरी गंमत अशी की गोपीनाथरावांना ते जमायला लागलं. हत्यारं आधी धुवायची, मग औषधी पाण्यात बुडवायची, हा शिस्तीचा भाग त्यांना आवडलाच. कानस एकाच दिशेनं चालवायची, कडेकडून मधे. पुढेमागे घासली की नख चिरतं. नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापायची नाही, भिजवून, लाकडी काडीनं हलकेच मागे सारायची. पायाचं नख सरळ कापायचं. कोपरे गोल करायला गेलं की ते मांसात वाढतं आणि गिऱ्हाईक बोंबलत परत येतं. आणि रंग तीन फटकाऱ्यांत: एक मधे, दोन कडांना, कातडीपासून केसभर जागा सोडून. हे शेवटचं तर त्यांच्या पिंडातच होतं. रकान्याबाहेर जायचं नाही, एवढंच ना. सहाव्या दिवशी रुची मॅडमनं त्यांनी रंगवलेली पाच नखं सगळ्या वर्गाला दाखवली. गोपीनाथराव खिडकीबाहेर बघत राहिले, कारण आनंद झालेला दिसू नये म्हणून माणसाला कुठेतरी बघावंच लागतं. रोज संध्याकाळी ते नीरजाला त्या दिवसाचा धडा शिकवत. तिनं वही पुन्हा खाली काढली होती.

अडचण सरावाची होती. मुली एकमेकींचे हात घेत. अठरा नंबरला कोण हात देणार? मॅडमनं त्यांना एक रबरी हात दिला, मनगटापर्यंतचा, हुबेहूब. तो पिशवीत घालून ते शेअर ऑटोनं पुलावरून घरी निघाले. ऑटोनं गचका खाल्ला, पिशवी कलंडली आणि चार बोटं बाहेर आली. शेजारच्या बाईनं ती बघितली आणि ती सरळ ऑटोवाल्याच्या मांडीवर जाऊन बसली.

पुलाच्या टोकाला पोलीस चौकी होती. हवालदारानं हात टेबलावर ठेवला, गोपीनाथरावांना स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “किसका है?”

“सरकारचा,” गोपीनाथराव म्हणाले, आणि हे उत्तर कायद्यानं बरोबर असलं तरी प्रसंगाला शोभणारं नव्हतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी ओळखपत्र पुढे केलं. हवालदारानं नीरजाच्या फोटोकडे बघितलं, मग गोपीनाथरावांच्या मिशांकडे, मग पुन्हा फोटोकडे. हात रबरी आहे हे पटल्यावरही तो फोटोचं काय ते सांगा म्हणून अडून बसला. शेवटी गोपीनाथरावांनी पिशवीतून कानस काढली आणि म्हणाले, “बोट दाखवा.” वीस मिनिटांत हवालदाराच्या उजव्या हाताची पाच नखं अशी झाली की तो ती उजेडाकडे धरून बघत बसला. डाव्या हाताचीही करून मगच त्यानं त्यांना सोडलं. ते घरी पोचण्याआधी ‘आठल्यांना पोलिसांनी धरलं’ ही बातमी पोचली होती, आणि शरदिनीबाई वकिलाऐवजी विष्णुशास्त्र्यांना घेऊन निघायच्या बेतात होत्या. पुढे रबरी हात नको, असं गोपीनाथरावांनी ठरवलं आणि स्वतःच्याच डाव्या हातावर सराव सुरू केला.

एका शनिवारी वर्गात जेलचा रंग शिकवला. हा दिव्याखाली सुकवायचा, आणि सुकला की नखाला असा धरतो की साध्या औषधानं हलत नाही. गोपीनाथरावांनी डाव्या हाताची पाचही नखं लालभडक रंगवली, दिव्याखाली धरली, कौतुक करून घेतलं आणि तशीच घेऊन घरी आले. घरी नीरजानं कापूस घासघासून बघितला. “बाबा, याला केंद्रातलंच औषध लागेल. सोमवारपर्यंत थांबावं लागणार.”

पण मधे रविवार होता, आणि रविवारी अहिल्याबाई घाटावर विष्णुशास्त्र्यांच्या एका इंदूरच्या यजमानांकडून पाच ब्राह्मणांचं पूजन होतं. त्यात पाचवे गोपीनाथराव. नाही म्हणावं तर कारण सांगायला हवं. ते गेले, आणि डावा हात उपरण्यात गुंडाळून पोटाशी धरून बसले. गंध एका हातानं लावून घेतलं, जानवं एका हातानं सावरलं, दक्षिणा एका हातानं घेतली. यजमानीणबाईंनी विचारलं, “गुरुजी, हाताला काही झालंय का?” गोपीनाथराव खोटं बोलत नसत, ते नुसते उदास हसले.

दुपारपर्यंत दूधविनायकात सगळ्यांना कळलं की आठल्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. लतिकावहिनी निर्गुडीचं तेल घेऊन आल्या. कुणी लसूण दुधात उकळायला सांगितला, कुणी कबुतराचं काहीतरी सुचवलं आणि ब्राह्मणाचं घर आहे हे आठवून मागे घेतलं. विष्णुशास्त्री स्वतः उशाशी बसून म्हणाले, “बोटं हलवता येतात का बघा.” आणि आपुलकीच्या भरात त्यांनी उपरणं ओढलं.

पाच लालभडक नखं सगळ्यांसमोर उघडी पडली. मग लतिकावहिनी वाकून म्हणाल्या, “कडेला अगदी सरळ रेघ आलीये हो.”

त्या दिवसापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही. फॉर्म चुकून भरला गेला, तेही गोपीनाथरावांनी तिथेच सांगून टाकलं. आश्चर्य म्हणजे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. दूधवाला तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आपला फॉर्म घेऊन आला. फक्त भरून झाल्यावर त्यानं तो एकदा वाचून बघितला.

परीक्षा तिसाव्या दिवशी होती आणि पायांची होती. प्रत्येकानं आपला जिवंत माणूस आणायचा. वर्गातला नको, योजनेत ज्याचं नाव आहे तोही नको. नीरजाचं नाव पुढच्या बॅचसाठी गोपीनाथरावांनीच, या वेळी तीन वेळा तपासून, आगाऊ नोंदवलं होतं. म्हणजे ती बाद. मुलगा सुमंत मिर्झापूरच्या बँकेत, त्याला सुट्टी नाही. विष्णुशास्त्री मोठ्या मनानं पाय द्यायला तयार झाले, पण परीक्षेचा दिवस मंगळवार निघाला. लतिकावहिनींचा गुडघा तितका वेळ मुडपत नव्हता.

राहिल्या शरदिनीबाई.

“नाही,” त्या म्हणाल्या. इतका वेळ सगळ्या प्रकरणाची मजा बघणाऱ्या शरदिनीबाई एकदम गंभीर झाल्या. “नवऱ्याच्या हातात पाय? पाप आहे ते.”

“अगं, परीक्षा आहे.”

“म्हणून काय झालं? आईनं जे करू नको म्हणून सांगितलं, त्यातलं एवढं एकच मी आजवर पाळलंय.”

विष्णुशास्त्र्यांकडे प्रकरण गेलं. त्यांनी दोन दिवस पोथ्या चाळून निर्णय दिला: वैद्यानं पायाला हात लावला तर दोष नाही. गोपीनाथरावांना प्रमाणपत्र मिळालं की ते वैद्यासमान होतील, मग खुशाल लावावा. प्रमाणपत्र परीक्षेनंतर मिळणार होतं, याला शास्त्रात तोडगा नव्हता.

सोमवारी संध्याकाळी गोपीनाथराव नीरजाला म्हणाले, “मी परीक्षेला जाईन. हजेरी लागेल. पुढे काय व्हायचं ते होईल.” नीरजानं त्यांची हत्यारं पुसून, ओळीनं लावून पिशवीत भरली. शरदिनीबाई भाजी निवडत दोघांकडे बघत होत्या. “उद्या किती वाजता निघायचंय?” त्यांनी विचारलं. “मी डोळे मिटून बसेन. डोळ्यांनी बघितलं नाही, म्हणजे मला माहीत नाही.”

लखनौहून आलेल्या परीक्षक मालविका मॅडम हसत नसत. अठरा खुर्च्या, अठरा टब, एक तास. शरदिनीबाई खुर्चीत बसल्या, पदर डोक्यावरून घेतला, हात जोडले आणि डोळे मिटले. खुर्चीत पेडिक्युअरला बसलेली नव्हे, ग्रहण सुटायची वाट बघणारी बाई वाटत होती.

सुरुवातीला गिऱ्हाईकाची माहिती भरायची असते. आजूबाजूच्या मुलींनी पटापट सगळीकडे ‘नाही’ लिहून पाण्यात पाय घातलेसुद्धा. गोपीनाथराव स्टुलावर बसले आणि वाचू लागले. “नाव?”

“हे काय विचारणं?” डोळे मिटूनच शरदिनीबाई म्हणाल्या.

“विचारावं लागतं. कातडीला कशाची खाज?”

“नाही.”

“रक्तदाब?”

“नाही.”

“मधुमेह?”

शरदिनीबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. मग हळूच म्हणाल्या, “थोडा आहे म्हणाले होते. गेल्या चैत्रात. घाटावरच्या शिबिरात रक्त तपासलं होतं.”

गोपीनाथरावांचं पेन थांबलं. “मला सांगितलं नाहीस.”

“गोड बंद केलं असतंत माझं.”

त्यांनी त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. मग टबातलं पाणी आपल्या कोपरानं बघितलं, कारण अशा माणसाच्या पायाला कढत पाणी कळत नाही. थंड पाणी आणून ते कोमट केलं, पुन्हा बघितलं, आणि मगच तिचा पाय हातात घेतला.

या पावलांचा आवाज त्यांना माडीवर झोपलेलं असतानाही ओळखू येई. पण पाऊल असं कधी बघितलंच नव्हतं. टाचांना भेगा होत्या, खोल. डाव्या घोट्याजवळ रुपयाएवढा जुना डाग होता.

“हा कसला?”

“पेज सांडली होती. सुमंत रांगत होता तेव्हा. तुम्ही ड्यूटीवर होतात.”

गोपीनाथरावांनी पाय अलगद पाण्यात सोडला. त्यांनी भेगांना हत्यार लावलं नाही, ब्लेड तर बाजूलाच ठेवलं. नुसती टाच घासायची वज्री, तीही फुलासारखी. कातडी कापायची कात्री उघडलीच नाही. नखं सरळ, कानसेनंच बेतली. बोटांच्या मधलं पाणी एकेक करून टिपलं. तळव्याला मलम लावताना मात्र घोटाळा झाला. शरदिनीबाईंना गुदगुल्या होतात हे सदतीस वर्षांत कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही नाही. त्या पदरात खुदकल्या, मग हसल्या, मग इतक्या हसल्या की सतरा टबांतलं पाणी हललं आणि डोळे उघडले ते उघडेच राहिले. “हा रंग नको,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “तो डाळिंबी लावा.”

मालविका मॅडम वही घेऊन आल्या. “रोल नंबर अठारह. आपने कैंची और ब्लेड वाला स्टेप किया ही नहीं.”

“नाही केलं,” गोपीनाथराव उभे राहून म्हणाले. “इन्हें शुगर है. ज़ख़्म हो जाए तो भरता नहीं. नंबर काट लीजिए.”

मॅडमनी माहितीचा कागद उचलून वाचला. मग बाकीचे सतरा कागद मागवले आणि तेही वाचले. “आपकी क्लास में,” त्या रुची मॅडमना म्हणाल्या, “एक ही आदमी ने ग्राहक से पूछा है.” आणि नंबर कापले नाहीत.

संध्याकाळी ते नावेनं परतले. शरदिनीबाई पाय पुढे करून बसल्या होत्या आणि रंग पूर्ण वाळलाय हे त्यांना तीनदा सांगावं लागलं. घाटाच्या पायऱ्यांवर विष्णुशास्त्री संध्येला बसले होते. त्यांची नजर दहा डाळिंबी नखांवर गेली. त्यांनी गोपीनाथरावांकडे बघितलं आणि घसा साफ केला.

“दोष असेल तो माझा मी बघून घेईन,” शरदिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही आधी तुमच्या टाचा बघा.” आणि चपला हातात घेऊन, सगळ्यांना दिसेल अशा बेतानं, सावकाश पायऱ्या चढल्या.

गोपीनाथराव पास झाले. नीरजाला पुढच्या बॅचमध्ये जागा मिळाली, आणि लतिकावहिनींच्या खोलीला चुना लागला. पण या सगळ्याच्या आधी, परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, गोपीनाथराव शरदिनीबाईंना घेऊन डॉक्टरकडे गेले. साखर थोडीच वाढली होती; गोळी नको, जेवण सांभाळा, रोज चाला, पायांना जपा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पाय तपासताना त्या जरा थबकल्या. नखं निरखली, टाचेवरून बोट फिरवलं.

“बहुत अच्छा काम किया है,” त्या म्हणाल्या. “कौन से पार्लर में जाती हैं आप?”

शरदिनीबाईंनी खुर्चीत टेकून बसलेल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं.

“घर का ही है,” त्या म्हणाल्या.